दोन डोक्यांची तसबीर

मी तुमच्या मानेमागून बोलतोय. दचकू नका आणि मागेही बघू नका, मी दिसणार नाही. न दिसणं हाच माझा धंदा आहे.

अंगाने मी लोखंडाचा. तळाला जड गोल थाळी, थाळीतून उभी निघालेली कांब आणि कांबेच्या टोकाला दोन बोटांचा अर्धचंद्र. तसबीर काढायला बसलेल्या माणसाची मान मागून धरून ठेवायची, एवढंच माझं काम. काळ्या पेटीचं टोपण उघडं आहे तोवर माणूस जरासा हलला तरी काचेवर त्याच्या चेहऱ्याचा धूर होतो. म्हणून माझी गरज. साहेब लोकांत मला काहीतरी भारदस्त नाव आहे म्हणे. वऱ्हाडात मात्र मला सगळे ‘मानधऱ्या’ म्हणतात आणि मला तेच आवडतं.

एखादी जुनी तसबीर हाती आली तर नीट बघा. मोठ्या रुबाबात उभ्या असलेल्या पाटलाच्या दोन पायांमागे तिसरा एक लोखंडी पाय डोकावत असेल. तो माझा, नाहीतर माझ्या भाऊबंदांचा. एवढीच काय ती आमची प्रसिद्धी.

माझा जन्म मुंबईचा. एका साहेबाच्या तसबिरींच्या दुकानात विलायतेहून आलेला एक मानधऱ्या होता. त्याच्यावरून गल्लीतल्या लोहाराने मला घडवलं. पण लोहाराच्या घरी त्या दिवशी पाहुणे आले होते. त्याचं अर्धं लक्ष ऐरणीवर, अर्धं जेवणावर. त्या गडबडीत माझी बोटं आवळायच्या मळसूत्राचे आटे उलटे पडले. मला सैल करायला जावं तर मी आवळतो आणि आवळायला जावं तर सैल होतो. साहेबाने माझी परीक्षा स्वतःच्याच मानेवर घेतली. त्याची किंकाळी ऐकून रस्त्यावरच्या घोडागाडीचा घोडा उधळला. मग मी कोपऱ्यात गेलो तो गेलोच.

त्या कोपऱ्यातून मला उचललं देवीदासने.

देवीदास अकोल्याच्या सोनाराचा मुलगा. चांदी, आम्ल, भट्टी यांत वाढलेला. साहेबाच्या दुकानात तो काचा धुवायला राहिला आणि बघता बघता सगळी विद्या शिकला. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालायची, टोपण काढायचं, मनात मारुतीचं नाव घेत राहायचं, टोपण लावायचं आणि काच घेऊन अंधाऱ्या खोलीत पळायचं. वऱ्हाडच्या उन्हात हे सगळं करणं म्हणजे तापल्या तव्यावर रांगोळी काढण्यासारखं. पण त्याने वऱ्हाडातच परत जायचं ठरवलं होतं. साहेबाने निरोप देताना त्याला एक जुनी पेटी विकली आणि वर मला फुकट देऊन टाकलं. साहेबाला बहुधा माझी भीती वाटत होती.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडे काळ्या मातीत पांढरं सोनं पिकायला लागलं. कालपर्यंत ज्याच्या पायात वहाण नव्हती, त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग संपत नसे. आणि हाती नवा पैसा आला की माणसाला पहिली इच्छा काय होते? आपण कसे दिसतो ते बघायची, आणि त्याहून जास्त, दुसऱ्याला दाखवायची.

देवीदासने अमरावतीच्या कापूस-बाजाराच्या वाटेवर दुकान मांडलं. अंगणात पांढरं कापड ताणून उजेड मऊ केला. मागे एक रंगवलेला पडदा लावला, त्यावर समुद्र आणि जहाज. अमरावतीत समुद्र कोणी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकं विचारायची, “हा कोन्या गावचा तलाव हाय?” देवीदासची बायको जमुना अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम बघायची. चांदीच्या पाण्याने तिची बोटं काळी झाली होती आणि बायका पाणवठ्यावर तिला हसायच्या. ती त्यांनाच उलट विचारायची, “तुमच्या हाताले हळद लागते, माह्या हाताले चांदी. कोन श्रीमंत?”

गिऱ्हाइकं खूप आली. पण सगळ्यांना एकच तसबीर हवी असायची. खुर्ची, मेज, मेजावर कागदी गुलाब, हातात जाड पुस्तक. पुस्तक उलटं धरलेल्या किती तरी माणसांच्या माना मी धरल्यात. माना मात्र खोटं बोलत नाहीत. सावकाराची मान घामाने चिकट, नव्या नवऱ्याची मान सारखी बायकोकडे वळू बघणारी, आणि पाटलाची मान इतकी ताठ, की मी तिला धरतो की ती मला, ते कळत नसे.

एकदा देवीदास वाळत घातलेल्या तसबिरी बघून कंटाळून म्हणाला, “जमुने, ह्या साऱ्या एकाच मानसाच्या वाटून राह्यल्या. नाव बदलते, पागोटं बदलते, मानूस तोच.”

“मंग काय होईन, अजी?” जमुना म्हणाली. “साऱ्याईच्या माना तुमी एकाच लोखंडात अडकवता.”

मला राग आला. पण त्या बाईला उत्तर देणं मला कधी जमलं नाही. माझ्यापाशी तोंड नव्हतं हे त्याचं एक कारण.

मग ती भानगड झाली.

अंजनगाव सुर्जीचे एक वृद्ध पाटील, भगवंतराव, थाटात येऊन तसबीर काढून गेले. त्या आनंदात त्यांनी घरी पंगत घातली, स्वतः पुरणपोळीवर ताव मारला, वर ताकाचा तांब्या रिकामा केला आणि रात्री झोपले ते उठलेच नाहीत. पुरणपोळीला कोणी दोष दिला नाही. सगळा दोष पेटीवर आला. आठवड्याभरात बाजारात एकच चर्चा, “तो काळा डब्बा मानसाचं आयुष्य ओढते. डोळ्यातून ओढते अन् काचेत कोंडते.”

आमचं अंगण ओस पडलं. लोक दुकानासमोरून जाताना तोंडावर उपरणं धरायला लागले. एक गाडीवान तर बैलांचेही डोळे झाकून गेला. देवीदास रोज पेटी पुसून ठेवायचा आणि जमुना रोज अंगण झाडायची. झाडलेल्या अंगणात पाऊल फक्त कबुतरांचं. “अकोल्याले जाऊ वापस,” तो म्हणायचा. “बापाच्या भट्टीवर बसू.” ती झाडू घेऊन पुन्हा अंगणात जायची.

अशात एक दिवस एक माणूस आला. तोंडावर उपरणं धरूनच आला आणि पेटीकडे पाठ करून बसला. हा नत्थुजी माळी. गावाबाहेर विहिरीच्या पाण्यावर यांची बाग होती, झेंडू, वांगी, मिरच्या, पेरू. बाग नत्थूच्या चुलत्याची. चुलता वारला होता आणि मागे काकी होती, मैनाबाई. तिला मूलबाळ नव्हतं. ती आहे तोवर बाग तिची, तिच्यामागे नत्थूची. नत्थूला ती वांगी उपटून सगळीकडे कापूस पेरायचा होता. काकी पेरू देत नव्हती.

“आमच्या काकीची तसबीर काढा लागते,” नत्थू म्हणाला. “लय जीव हाय माहा तिच्यावर.”

देवीदासच्या तोंडावर उजेड आला. किती दिवसांनी गिऱ्हाईक! “काढू ना. कवा आनता?”

“आनतो. पन...” नत्थूने आवाज खाली घेतला. “मोठ्या काचेनं काढली तर जास्त ओढते काय?”

देवीदासला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा चांदीच्या पाण्यातून काढलेल्या काचेसारखा दुधी पडला. “नत्थुजी, हे दुकान हाय. कसाईखाना नाई.”

“तसं नाई हो. म्हातारं मानूस. खोकते. तरास होते तिले. सुटन बिचारी.” एवढं बोलून नत्थू उठला आणि जाताना दारातून म्हणाला, “पैसे आगाऊ देतो.”

तो गेल्यावर नवराबायकोची जुंपली. देवीदास म्हणे, हे पाप आहे. जमुना म्हणे, पेटीने कोणी मरत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे ना, मग पाप कसलं? देवीदास म्हणे, पण तो कशासाठी पैसे देतोय ते तर ठाऊक आहे! शेवटी जमुना म्हणाली, “ज्या बाईची मान हाय तिलेच विचारू.”

मैनाबाई रोज सकाळी फुलांची टोपली घेऊन बाजारात बसायची. जमुना तिला अंगणात घेऊन आली. वाळक्या मिरचीसारखी बाई. तशीच सुरकुतलेली आणि तशीच तिखट. जमुनेने काही न लपवता सगळं सांगितलं.

मैनाबाई ऐकत राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिने पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. देवीदास घाबरून पाणी आणायला धावला. तो परत आला तेव्हा कळलं, म्हातारी हसत होती.

“मोठ्या काचेनं जास्त ओढते काय म्हने!” ती डोळे पुसत म्हणाली. “माह्या नत्थूले हिसाब बाकी चांगला येते.”

“मायबाई, आमी त्याले नाई म्हणून सांगतो,” देवीदास म्हणाला.

“कायले? काढ ना. दर बाजाराच्या दिवशी एक काढ. पाहू तरी किती उरलं हाय माहं.”

“अन् तुमाले भेव नाई वाटत?”

“बाप्पा, त्या घरात पुतन्या मी मरासाठी नवस बोलून राह्यला अन् तिथं मी रोज जेवतो,” मैनाबाई म्हणाली. “तुह्या डब्ब्याचं काय भेव?”

तर नत्थूला होकार गेला आणि अशी ती पहिल्यांदा माझ्यापुढे बसली. मी तिची मान धरली. नुसता दोर होता, हाडाला गुंडाळलेला. देवीदासने माझी बोटं इतकी जवळ आणली की ती एकमेकांना लागायला आली. म्हातारी नाक मुरडून म्हणाली, “हे कोन धरून राह्यलं मले मागून? माहा नवरा जिता होता तवा त्यानंबी कवा एवढी हिंमत केली नाई.”

त्या दिवसापासून खरी मजा सुरू झाली.

तसबीर काढून मैनाबाई बाजारात बसायची, फुलं विकायची, दोन जणींशी भांडायची. संध्याकाळी घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की भिंतीला धरायची. “शकुन, पोरी, डोळ्यापुढं अंधार येऊन राह्यला वो...” शकुन म्हणजे नत्थूची बायको. नत्थू बायकोच्या कानात सांगायचा, लागू पडलं, आता जे मागेल ते दे, शेवटचं आहे. मग म्हातारी मागायची. तुपातला शिरा. घट्ट दूध. पाय चेपून हवेत. नवं लुगडं, म्हणजे जाताना अंगावर बरं दिसेल. नत्थू सगळं आणून द्यायचा आणि वाट बघायचा. पुढच्या बाजाराला पुन्हा काकीला आमच्या दुकानाच्या वळणावर सोडून, तोंडावर उपरणं धरून पळायचा.

हे सगळं ती आम्हाला येऊन सांगायची, नत्थूच्या आवाजात आणि शकुनच्या आवाजात. जमुना अंधाऱ्या खोलीत हसून हसून एकदा चांदीचं पाणी सांडून बसली.

तिच्या तब्येतीचं खरं माप मात्र माझ्यापाशी होतं. प्रत्येक खेपेला देवीदासला माझी बोटं एकमेकांपासून थोडी दूर करावी लागत होती. दोराची मान भरत चालली होती. माझे आटे उलटे असल्यामुळे एकदा सैल करताना त्याने मला चुकून आवळलं आणि म्हातारीने त्याला दिलेली शिवी अशी होती की रस्त्यावरचा एक पोलीस शिपाई थांबून, “पुन्हा एकदा सांग,” म्हणाला.

बाजारातल्या लोकांचं लक्ष होतंच. “मैनाबुढी आजबी आली,” ते म्हणायचे. “तसबीर काढूनबी आली.” हिवरखेडचा एक शेतकरी धीर करून अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, पण आत आला नाही. “बुढीचं आयुष्यच लय असन,” तो म्हणाला. “विहिरीतून घागर काढली तर विहीर आटते काय?” लोकांना हे पटलं. आमचं अंगण अजूनही रिकामंच राहिलं.

मैनाबाईला एक गोष्ट मात्र सलत होती. एकदा ती जमुनेला म्हणाली, “नत्थूचं काई वाटत नाई. तो लहानपनापासून असाच, पेरू पिकाच्या आधी तोडनारा. पन शकुन काल रात्रभर माहे पाय चेपत बसली. झोप म्हनलं तरी उठली नाई. ती त्याच्या सांगन्यानं बसली का तिच्या मनानं, हे मले समजून नाई राह्यलं.”

जमुना म्हणाली, “विचारा तिले.”

“विचारलं तर मानूस उत्तर देते वो. खरं थोडीच सांगते.”

आणि मग तो बाजाराचा दिवस. कापसाच्या बंड्या उभ्या, गर्दी ओसंडत होती. मैनाबाई आमच्या अंगणात आली ती काठी टेकत, शकुनच्या खांद्यावर भार टाकून, मोठ्याने घुरघुर श्वास घेत. असला आवाज, जणू छातीत कोणी भाता ओढतंय. लोक गोळा झाले. नत्थू वळणावरूनच परत फिरायला बघत होता, तोच म्हातारीने खणखणीत हाक मारली, “नत्थू! इकडं ये बाबू. माही आखरीची इच्छा हाय.”

नत्थूला यावं लागलं.

“आजची तसबीर एकटीची नाई पायजे,” मैनाबाई म्हणाली. “तू अन् शकुन, माह्या दोन बाजूनं उभे राहा. जाताना लेकरं जवळ असावी.”

नत्थूच्या हातातलं उपरणं गळून पडलं. “काकी, मी... मले काम हाय. बैलं उन्हात बांधली हायत.”

“बैलं मी पाहतो!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

“मले बरं वाटून नाई राह्यलं...”

“काहून रे नत्थू?” तो हिवरखेडचा शेतकरी पुढे आला. “बुढीले दर बाजाराले आनून बसवतं. तवा तर तुले डब्ब्याचं भेव नव्हतं. आज काहून वाटते?”

सगळ्यांना एकाच वेळी उमगलं आणि एक लांबलचक “हं...” असा आवाज निघाला. नत्थूला उभं राहण्याशिवाय मार्ग राहिला नाही. नाही म्हणावं तर आपण काकीला कशासाठी आणत होतो, ते जगजाहीर.

मधोमध खुर्चीवर मैनाबाई, उजवीकडे नत्थू, डावीकडे शकुन. मी अर्थातच मैनाबाईच्या मागे. देवीदासकडे मानधऱ्या एकच होता. तो कळवळून म्हणाला, “नत्थुजी, तुमी मान हालवू नोका.” नत्थूचा कुठला विचार हलायचा! तो श्वास कोंडून, डोळे बारीक करून उभा होता. जितकं कमी उघडू तितकं कमी ओढेल, असा त्याचा हिशोब असावा.

जमुनेने ओली काच आणून दिली. देवीदासने ती पेटीत सरकवली आणि टोपण काढलं.

म्हातारीचा भाता चालूच होता. घुरर, घुरर. अंगण शांत. आणि मध्येच, मान तसूभर न हलवता, तिने तो आवाज बंद केला.

मला सगळं कळत होतं. माझ्या बोटांत तिची मान होती, तिची नाडी ढोलासारखी वाजत होती, आणि आतल्या आत दाबलेल्या हसूने माझी कांब थरथरत होती. पण बाहेरच्याला काय दिसलं? श्वास थांबला. डोळे समोर खिळले. मान ताठ.

नत्थू डब्बा विसरला, आयुष्य विसरला. कमरेत वाकून त्याने काकीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि तसाच थांबला, श्वास येतो का नाही ते बघत. पलीकडे शकुन “काकी! काकी वो!” करून रडायला लागली.

देवीदासने टोपण लावलं.

मैनाबाईने डोळे मिचकावले, छाती भरून श्वास घेतला आणि नत्थूच्या वाकलेल्या नाकाकडे बघून म्हणाली, “काय पाहतं रे? दात?”

त्यानंतर अंगणात जे हसू उसळलं त्याने कापडावरची कबुतरं उडाली. नत्थू गर्दीतून वाट काढत पळाला. शकुन मात्र तिथेच खाली बसली आणि तोंड झाकून रडत राहिली.

देवीदास हळहळत होता. “काच वाया गेली. दोघंबी हालले.” पण अंधाऱ्या खोलीतून जमुनेची हाक आली, “अजी, लवकर या!” तिच्या आवाजात असं काही होतं की तो धावत गेला. थोड्या वेळाने दोघं काच घेऊन उजेडात आले आणि ती आळीपाळीने उन्हाकडे धरून बघत राहिले.

पुढे ती तसबीर कागदावर उतरली तेव्हा मलाही दिसली. मधोमध मैनाबाई, केसन् केस स्पष्ट, नजर थेट तुमच्या डोळ्यांत. उजवीकडे नत्थूच्या एका धडावर दोन डोकी. एक सरळ, डोळे बारीक करून दुःखी तोंड केलेलं. दुसरं वाकलेलं, काकीच्या तोंडाशी टपून बसलेलं. दोन्ही धुरकट, पण दोन्ही नत्थूचीच. डावीकडे शकुनचा चेहरा पार विरघळून गेला होता. मात्र काकीच्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात बांगड्यांसकट लख्ख उमटला होता.

मैनाबाईने तसबीर हातात घेतली. दोन डोक्यांकडे बघून ती हसेल असं वाटलं होतं. ती बघत होती तो हात.

“सारी हालली पोरगी,” ती हळूच म्हणाली. “हात नाई हालला.”

देवीदासने ती तसबीर दुकानाच्या दारावर लावली. दुसऱ्या दिवशी बाजार ती बघायला लोटला. नत्थू आला आणि टरकन फाडून गेला. जमुनेने संध्याकाळी काचेवरून नवी छापली. त्याने तीही फाडली. जमुनेने तिसरी लावली आणि दारात उभं राहून त्याला समजावलं, “नत्थुजी, काच आत हाय. तुमी फाडत राहा, मी छापत राहीन. तुमच्या हाताचा व्यायाम, माह्या हाताचा सराव.” तेव्हा कुठे तो थांबला.

आयुष्य ओढण्याची गोष्ट त्या दिवसापासून संपली. जो डब्बा माणसाची दोन डोकी करून दाखवतो तो काही काढून घेत नाही, उलट घालतो, असा बाजाराने निकाल दिला. गिऱ्हाइकं परतली. पण आता ती म्हणायची, “आमालेबी आमच्यासारखी काढा.” चांदूरचा एक गाडीवान बंडीवरच्या कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडून बसला. एक पैलवान आपल्या म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला आणि म्हैस त्याच्यापेक्षा स्थिर निघाली. समुद्राचा पडदा गुंडाळून ठेवला गेला. देवीदास गावोगाव पेटी घेऊन जायला लागला, लोकांना त्यांच्या ओट्यावर, मळणीत, भांडणाच्या मध्ये पकडायला लागला. त्याच्या तसबिरीतली माणसं आता एकमेकांसारखी दिसत नव्हती. माझं काम थोडं कमी झालं, पण खरं सांगतो, मी रुसलो नाही.

मैनाबाईने चार पंचांना बोलावून सांगून टाकलं की तिच्यामागे बाग शकुन बघेल, आणि काय पेरायचं ते शकुन ठरवेल. नत्थू मोट हाकेल. नत्थूने महिनाभर कोणाशी बोलणं टाकलं. मग तिकडची लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव धपकन बसला. चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरून देवीदासच्या बापाच्या भट्टीत जाऊ लागल्या. माणसं तसबिरी काढायची थांबली, पण वांगी खायची थांबली नाहीत. शकुनच्या बागेत मोट चालू होती आणि ती हाकता हाकता नत्थूचा आवाज पहिल्यासारखा चढा झाला.

आगगाडी अकोल्याला आली तेव्हा आम्हीही अकोल्याला आलो. स्टेशनच्या बाजूला नवं दुकान आहे. माझ्या थाळीला गंज चढलाय, एका बोटाचं टोक झिजलंय, उलट्या आट्यांची मला आणि देवीदासला दोघांनाही सवय झालीय.

मागच्या हिवाळ्यात नत्थू आला. केस पिकलेले, डोकं उघडं. मैनाबाई गेली, म्हणाला. सकाळी फुलं तोडली, टोपली भरली, बांधावर टेकली आणि गेली. “मी जवळच होतो,” तो म्हणाला. “श्वास थांबला तं मले वाटलं, पुन्ना गंमत करून राह्यली. लय वेळ वाट पाह्यली मी.”

जमुनेने डोळ्याला पदर लावला. घरात काकीची एकही तसबीर नाही, एक हवी, असं तो म्हणाला. देवीदासने सगळ्या काचा काढल्या. दर बाजाराची एक, एकटी खुर्चीत बसलेली मैनाबाई. एकेक उजेडात धरून दाखवली. “ही घ्या, चांगली आली हाय. नाईतं ही.”

नत्थूने सगळ्या पाहिल्या आणि मान हलवली. “ती द्या. तिघांची.”

देवीदास अवघडला. “नत्थुजी, त्यात तुमी...”

“माहीत हाय मी कसा हाय त्यात. बाकी साऱ्याईत ती नुसती बसली हाय. त्या एकीतच हासून राह्यली. तुमाले दिसत नाई काय?”

देवीदासने काच खिडकीशी नेली आणि बराच वेळ निरखली. ओठ मिटलेले, डोळे स्थिर. त्याला दिसलं की नाही कोण जाणे. मला मात्र ते दिसायची गरज नव्हती.

नत्थूने तसबीर धोतराच्या सोग्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि गाडी गाठायला निघाला.

बरं, मला रजा द्या. बाहेर एक जोडपं आलंय, बरोबर बकरी आहे, आणि मान कोणाची धरायची यावरून आतापासूनच वाद चाललाय.